भिंगऱ्याचं जेवण

भूपाल,

तू बाजारातनं येशील तवा मी घरात नसणार. बस्तीत, देवळामागच्या खोलीत राहायला जातोय. डॉक्टरनं हात टेकल्यावर मी कायमचं अन्न सोडून सल्लेखना घेतली, तवापासनं तू माझ्याशी बोलंना झालास. पण म्हणून जातोय असं समजू नकोस. भिंगऱ्यामुळं जातोय.

तुझ्या वखारीतले हमाल हे कुत्र्याचं पिल्लू पोत्यात घालून हिरीत टाकायला निघालते. मी घरी आणलं. दिवसभर उड्या मारतंय, तुझी धोतरं फाडतंय, पण मी घास घेतल्याबिगर भाकरीला तोंड लावत न्हाय. मी जेवण सोडलं, तसं त्यानंबी सोडलं. काल मी नुसतं तोंड हलवून दावलं. फसलं न्हाय. आता कोपऱ्यात पडून असतंय. त्यालाच उपाशी मारलं, तर माझं व्रत कसलं?

त्याला बांधून ठेव, न्हायतर वास काढत बस्तीत येईल. आलं तर मला हाकलायला जमायचं न्हाय. शेतावरची, घरावरची माया आवरली, त्याची अजून आवरंना.

दिवस मावळायच्या आत त्याची भाकरी दुधात कुस्कर. नुसती पुढं ठेवून भागायचं न्हाय. तुझं ताट घेऊन त्याच्यासमोर बस आणि पहिला घास तू घे.

तूबी ताट तसंच मागं सारतोयस, असं सूनबाई सांगत होती. माझ्यावर लई राग असू दे. पण त्याच्यासमोर जेव.

आप्पा