फळीवरचा रिकामा खिळा

आबा, तुमची भोकाच्या पैशांची फळी काल कपाटावरून खाली काढली. पुसली नाही. जुनं नाणं घासायचं नसतं हे तुम्ही इतक्यांदा ओरडून सांगितलंय की अजून कानात बसलंय. दर दिवाळीला आई लक्ष्मीपूजनाआधी चिंच कोळून बसायची आणि तुम्ही फळी बगलेत मारून शेजारी पळायचा. आपल्या घरात लक्ष्मी मळकीच पुजली. मी तिसरीत शाळा सोडलेली, लिहायला वेळ लागतो. तुम्हाला तरी कुठं घाई आहे.

लढाईत तांबं कमी पडलं म्हणून गोऱ्या सरकारनं पैशाला मधोमध भोक पाडलं, असं तुम्ही सांगायचा. लोकांना ते भोक सोयीचं पडलं. कुणी पंपाला वायसर म्हणून घातलं, बायकांनी पोरांच्या कमरेच्या करदोड्यात ओवलं. तुम्हाला मात्र ठशाचं याड. टाकसाळीत ठसा झिजला की नवा करतात आणि नवा काही जुन्यासारखा हुबेहूब उतरत नाही. एकाचा मुकुट गोल, एकाचा उंच, एकाचा बसका. कुठं सालाचे आकडे ठळक, कुठं बारीक. घड्याळजीकडनं आणलेलं भिंग डोळ्यात धरून तुम्ही ते बघत बसायचा. एका जातीला फळीवर एक खिळा. भोकातनं खिळ्याला अडकवलं की झालं.

धंदा बांगड्या भरायचा, पण नजर बायकांच्या मनगटावर कमी आणि पाळण्यात जास्त. कुरुंदवाड असो नाहीतर राधानगरी, कुठं बारसं आहे कळलं की तुम्ही न बोलावता हजर. एकदा नेसरीला मी तुमच्याबरोबर आहे, परकर नेसण्याच्या वयाची. घराच्या पुढच्या सोप्यात बायका बसल्यात, बांगड्यांची चवड तशीच पडलीय, आणि तुम्ही पाळण्यावर वाकून पोराचं झबलं वर करून भिंग लावलंय. पोराची आजी तंबाखू मळत बघत होती. ती म्हणाली, "पोरगाच हाय, कासारमामा. भिंगातनं बघण्याइतकं बारीक न्हाय त्ये."

सगळा सोपा हसला. तुम्ही नाही हसला. "मुकुट उंच हाय," म्हणाला, झबलं खाली केलं आणि बांगड्या सोडायला लागला. त्या आजीला वाटलं, कासारमामा नातवाचं भविष्य सांगतोय. ती इतकी खूष झाली की आम्हाला जेवायला घातलं. मी मान वर केली नाही. वाटेत म्हटलं, परत मी तुमच्याबरोबर येणार न्हाय. तर तुम्ही म्हणाला, "बसका मुकुट, बारीक आकडं. त्येवढा घावला की सोडतो नाद."

तो घावला नाही. शेवटच्या ओळीतला तेवढा एक खिळा रिकामा ठेवून तुम्ही गेलात.

काल इचलकरंजीचं एक पावणं आलं होतं, अशीच नाणी जमवणारं. नातवानं मोबाइलवर शोधून आणलं. माणूस बरा, फळीला हात लावायच्या आधी हात धुऊन आला. बराच वेळ बघून म्हणाला, "आज्जी, एवढ्या ठशांचं एका जागी कुणी जमवलेलं मी बघितलं न्हाई. एक खिळा तेवढा मोकळा हाय. त्याचा पैसा घरात कुठं पडला असंल तर बघा की. रविवारी येतो मी." मला फळीचं सोयरसुतक नाही. माझ्यामागं ती कुणी जपणार नाही, त्याच्याकडं गेलेली बरी. म्हणून आईची ट्रंक उघडली.

तिच्यात लुगड्याच्या चिंधीत बांधलेला काळा करदोडा आहे. माझ्या आधीच्या भावाचा, जो पाळण्यातनं खाली उतरलाच नाही. आईनं शेवटच्या दुखण्यात तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "ह्यांनी एकदाबी मागितला न्हाय." मला वाटलं, तापात बरळतेय. चिंधी तशीच ठेवली होती.

काल त्यात ओवलेल्या पैशाला तुमचं भिंग लावलं. मुकुट बसका, आकडे बारीक.

गाठ तुमचीच आहे. बांगड्यांच्या जुडग्याला मारायचा ती, दोनदा फिरवून आत ओढलेली. म्हणजे पोराच्या बारशाला पैसा तुम्हीच ओवला होता. कुठल्या ठशाचा, तेही तुम्हाला ठाऊक होतं. सगळ्या मुलखातल्या पोरांची झबली वर करून झाली, पण घरातल्या ट्रंकेला तुम्ही हात लावला नाही. तुम्हाला तो नको होता, त्याच्यासारखा दुसरा हवा होता. आणि आईला ते कळत होतं. तुम्ही मागितला नाही, तिनं दिला नाही. एका ताटात जेवलात जन्मभर, पण यावर एक शब्द काढला नाहीत. काढला असता तर माझी नेसरीतली अब्रू तरी वाचली असती.

रविवारी पावण्याला फळी देणार, खिळा रिकामाच. घरात काही मिळालं नाही म्हणून सांगणार. नातसुनेला बजावलंय, मी गेले की ही चिंधी माझ्याबरोबर द्यायची, उघडून बघायची नाही. हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा असतो ते मला माहीत नाही, तोही चिंधीतच ठेवते.

आणि एक. आज दुपारी घरात कुणी नव्हतं तेव्हा मी तो पैसा करदोड्यासकट त्या खिळ्याला अडकवून बघितला. बरोबर बसला. मग काढला. आईला सांगू नका.