मालुआक्कांच्या व्हिडिओची अर्धी-अर्धी किल्ली

या कामाला लागलं ते असं: बेळगावहून पेनड्राइव्ह दोन, रुपये सातशे ऐंशी. नीलमचा जुना लॅपटॉप, फुकट. कुलूप घालायचा प्रोग्राम, तोही फुकट. दोनदा विचारून घेतलं.

मी सुमित्रा भरमा कडोलकर, राहणार कंग्राळी, वय चौसष्ट, मॅट्रिक पास. देवीच्या कृपेने डोकं ठिकाणावर आहे. महिनाअखेरीस हृदयाचं ऑपरेशन आहे, म्हणून कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते.

१. घर मुलगा स्वरूपला. पोस्टातली ठेव आणि बांगड्या मुलगी नीलमला. यावर वाद नको.

२. खरी वस्तू पेनड्राइव्हमध्ये आहे. माझी थोरली नणंद मालुआक्का दवाखान्यात बेशुद्ध असताना धाकटे दीर मष्णू यांनी त्यांचा अंगठा धरून हक्कसोडपत्रावर उठवला. मी दाराआडून मोबाइलवर व्हिडिओ घेतला. शेताचा दावा कोर्टात आहे, आणि आक्कांकडे पुरावा एवढाच. पण त्यात त्यांच्या अंगावर धड कापड नाही. म्हणून तो फोनाफोनी फिरवायचा नाही, न्यायाधीशांसमोरच उघडायचा.

३. पहिला पासवर्ड मी देवीचं नाव ठेवलं. आमच्या घरात सगळ्यांचं तेच! मष्णूभावजींनी पहिल्याच झटक्याला उघडून व्हिडिओ पुसला. नीलमकडे प्रत होती म्हणून निभावलं. वर मलाच विचारतात, "वैनी, काय सोनं ठेवलंयसा त्यात?" म्हटलं, "सोनं असतं तर तुमास्नी कवाच गावलं असतं."

४. गावात देवीच्या दागिन्यांच्या पेटीला दोन कुलपं, किल्ल्या दोन भाऊबंदांच्या घरी. दोघं आल्याशिवाय पेटी उघडत नाही. मीही तसंच केलं. नवा पासवर्ड सहा शब्दांचा. त्यात देव नाही, जन्मतारीख नाही. पहिले तीन शब्द नीलमला, पुढचे तीन आक्कांच्या लेकीला, सुविधाला. पेनड्राइव्ह दोघींना एकेक; बिनकुलपाची प्रत आता कुठेच ठेवलेली नाही.

स्वरूप म्हणाला, "आई, माझ्यावर इस्वास न्हाय व्हय?" आहे बाळा. पण तू काकाच्या गाडीवर बसून कामाला जातोस, आणि तुला कुणाला नाही म्हणता येत नाही.

५. अर्धे शब्द विसरले तर कुठलाही कॉम्प्युटरवाला हे उघडून देणार नाही. दोघींनी आपापल्या नवऱ्यालाही सांगू नये.

६. मष्णूभावजींना माझ्या दिवसकार्याला पंगतीत मानाने वाढावं. लॅपटॉपजवळ बसवू नये.

साक्षीदार: नागुबाई शामू पावशे (भजनी मंडळ), आण्णाप्पा सत्याप्पा चौगुले (शेजारी)
सही: सुमित्रा भरमा कडोलकर
कंग्राळी, दि. ९ जानेवारी २०२५

नीलम निपाणीस, सुविधा सदलग्यास: या कागदाच्या नकलेसोबत जिचे तिचे शब्द रजिस्टर पोस्टाने पाठवले आहेत. पाठ झाले की चिठ्ठी चुलीत घाला. फोन नको, माझा फोन घरात कुणाच्याही हातात असतो. ऑपरेशनआधी उलट टपाली एवढंच कळवा: पाठ झालं. शब्द लिहू नका.