फळ्यावरची तारीख आणि प्रीमियम हेल्मेट

९ मे २०१६, सकाळी ७
गावच्या सोसायटीच्या फळ्यावर चेअरमन रामहरी याने खडूने पुढील मजकूर लिहिला आहे: ‘दि. ९ मे रोजी चारा छावणीत एक वयोवृद्ध सभासद उभ्या मोटारसायकलवरून पडले. तरी सर्वांनी हेल्मेट वापरावे.’

हा वृत्तान्त दोन ठिकाणी असत्य आहे.

पहिले असत्य. नऊ तारीख आज आहे आणि आज मी अद्याप पडलेलो नाही. मी काल पडलो. त्या दिवशी टँकर आला होता. आमच्या गावाला टँकर दिवसाआड, सम तारखेस येतो. आठ ही संख्या सम आहे. प्रत्येक टँकरला मी दिनदर्शिकेवर लाल फुली करतो, म्हणून माझ्या तारखा चुकत नाहीत. (वर्तमानपत्र मार्चपासून बंद केले आहे. त्यातील शुद्धलेखन वाचवत नाही.)

दुसरे असत्य. गाडी उभी नव्हती. चालू होती.

रामहरी माझा विद्यार्थी. सातवीत त्याला मी दोनदा बसवले होते. त्याचा सूड तो आज फळ्यावर उगवत आहे. ठीक आहे. सूड मलाही उगवता येतो.

१० मे, रात्री ८
पुण्याहून चिरंजीव बद्रीनाथचा फोन. बातमी तिथवर पोहोचली आहे. कळवणारा कोण, हे सांगण्याची गरज नाही. रामहरीच. बद्रीनाथचे म्हणणे असे, की चांगले हेल्मेट घ्यावे. पुन्हा एकदा पडल्याचे कानावर आले, तर तो येऊन गाडी विकून टाकील.

ही गाडी मी शहाण्णव साली घेतली. शाळा, बाजार, बीडची ट्रेझरी, सगळे तिच्यावर. गाडी गेली तर मी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहणारा एक म्हातारा होईन. आमच्या आळीत असे चार आहेत. पाचवा नको.

संकल्प: (१) संपूर्ण रायडिंग गिअर खरेदी करणे. (२) २४ मे रोजी सोसायटीची विशेष सभा आहे. तेथे त्या गिअरसह गाडीवर प्रवेश करणे. (३) दुरुस्तीपत्र वाचणे. (४) रामहरीने सर्वांसमक्ष माफी मागणे.

११ मे
सौ. मुक्ताबाईंनी गुरुवारचा उपवास आज बुधवारीच धरला. सौम्य शब्दांत चूक दाखवली. भगर ढवळत म्हणाल्या, “उपास माजा हाय, वार बी माजाच.”
वाद घातला नाही. साथ देणारे माणूस असे असल्यावर एकट्यानेच लढावे लागते.

१२ मे, दुपार
बजेट की प्रीमियम, हा मूलभूत प्रश्न आहे.

बजेट: गेवराईकडच्या हायवेवर लिंबाच्या फांद्यांना टांगलेली हेल्मेटे. ISI चा शिक्का शाईचा. घामाने बोटाला लागतो. रामहरीचे पिवळे हेल्मेट तिथलेच. छावणीत तो त्यातच वासराला पेंड भिजवून देतो. म्हणजे सोसायटीच्या चेअरमनच्या डोक्याची किंमत काय, हे वासरालाही ठाऊक आहे.

प्रीमियम: पूर्ण चेहऱ्याचे, हवेची भोके, दोन कड्यांचा रेसिंगचा बंद. किंमत माझ्या अर्ध्या निवृत्तिवेतनाएवढी. शिवाय जॅकेट, ग्लोव्हज, नी-गार्ड.

निर्णय: प्रीमियम. शत्रूसमोर स्वस्तात जाऊ नये.

१३ मे
निर्णय बदलला. हेल्मेट प्रीमियम, बाकीचे बजेट. उन्हाळ्यात जॅकेट लागत नाही.

१४ मे
निर्णय पूर्ववत. रामहरीने छावणीतला गडी सटवा याला विचारले म्हणे, “गुर्जी हेल्मेट काहून घ्यायलेत? पायी या म्हनावं.” आता जॅकेटही घेणारच, आणि तेही काळे.

बद्रीनाथचा रविवारचा फोन आज शनिवारीच आला. पुण्यात राहून मुलाचा वारांशी संबंध सुटला आहे. तसे सांगितले. म्हणाला, बरं बाबा. चूक पटली असावी.

१६ मे, रात्री
एसटीने बीडला जाऊन आलो. दुकानातील पोऱ्याने आधी बजेट हेल्मेट दाखवले. गुणवत्ता तपासण्यासाठी त्यावर काठीचा एक मध्यम प्रहार केला. तडा गेला. माझे मत सिद्ध झाले. दुर्दैवाने ते विकतही घ्यावे लागले.

नंतर प्रीमियम. माप घेण्यासाठी टोपी काढा, असे पोऱ्या म्हणाला. अनोळखी माणसासमोर मी टोपी काढत नाही. टोपीवरूनच माप घ्यायला लावले. एक्स्ट्रा लार्ज. डोके मोठे आहे, याचे त्याला आश्चर्य वाटले. मला वाटले नाही.

१७ मे
जॅकेट घालून अंगणात उभा राहिलो. ऊन त्रेचाळीस अंश. मुक्ताबाई माठाजवळून म्हणाल्या, “अवो, लडाईला चाललाव का?”
होय, असे उत्तर दिले.

टोपी काढून हेल्मेट घातले की ते डोक्यावर थोडे फिरते. उजवीकडे पाहायचे असेल तर डोके आधी जाते, हेल्मेट मागून येते. टोपीसह घातले तर कान दुखतात. सभेत कानांचे काम नाही. बोलायचे मला आहे. टोपीसह.

२० मे
दुरुस्तीपत्र नऊ पाने झाले. ‘उभी’ आणि ‘चालू’ या शब्दांवरच अडीच पाने. भाषा इतकी नेमकी झाली आहे, की रामहरीला तिसऱ्या पानानंतर बसायला खुर्ची द्यावी लागेल.

२२ मे
पत्र सात पानांवर आणले. दोन पाने दयेपोटी वगळली.

दोन कड्यांच्या बंदाचा सराव करावा, असे मुक्ताबाई म्हणतात. अनावश्यक. पदवीधर माणसाला दोन कड्या उघडता येतात.

२४ मे, सकाळी ९.३०
टँकर येऊन गेला. लाल फुली केली. आज चोवीस, यात शंका नाही.

जॅकेट, ग्लोव्हज, नी-गार्ड, टोपी, हेल्मेट. बंद आवळला. सात पाने छातीशी. सभा दहाला. आज संध्याकाळपर्यंत रामहरीने स्वतःच्या हाताने फळा पुसलेला असेल.

२६ मे २०१६, गुरुवार (मुक्ताबाईंना विचारून)
घडले ते असे.

सोसायटीच्या दाराला कुलूप होते. छावणी शेजारीच, म्हणून गाडी तिकडे नेली आणि छावणीच्या फलकाखाली स्टँडवर लावली. सटवा हातवारे करत काही सांगत होता. हेल्मेटमुळे ऐकू आले नाही. मग रामहरी आला. तोही काही बोलला. सबब सांगत असावा, असे समजून गाडीवर बसल्या बसल्या वाचनास आरंभ केला. हेल्मेटमध्ये माझा आवाज भरदार लागत होता.

दुसऱ्या पानावर घाम डोळ्यांत गेला. तिसऱ्यावर अक्षरे हलू लागली. पान उलटण्यासाठी मान वळवली. मान वळली, हेल्मेट जागेवर राहिले, समोर काळोख झाला. त्यानंतरचे मला सटवाकडून समजले आहे.

बंद कोणाला उघडेना. एकाने विळा आणला. रामहरीने त्याला हटकले. म्हणाला, “थांब बे. बैलाच्या म्होरकीवानी हाय हे.” एका ओढीत त्याने कड्या मोकळ्या केल्या. मग त्या पिवळ्या हेल्मेटातून माझ्या डोक्यावर पाणी ओतले. त्याला पेंडीचा वास होता.

डोळे उघडले तेव्हा तो मला वारा घालत होता. दुरुस्तीपत्राच्या सात पानांनी.

“गुर्जी, सभा काल झाली,” तो म्हणाला. “तासभर वाट बगितली तुमची. आज पंचवीस हाय.”

टँकर आला म्हणजे आज चोवीसच, असे मी क्षीण आवाजात सांगितले.

“आठ तारखेला टँकर पंक्चर झालता. नऊला आला. तवापून इषम तारखंलाच यायलाय.”

चोवीसच्या सभेत फळ्यावरचा मजकूर त्याने स्वतःच पुसला होता, कोणी न सांगता. कारण विचारले नाही. तरी तो सटवाशी बोलताना ऐकू आलेच: गाडी गेली तर म्हातारा घरात बसंल, मग लई दिस टिकायचा न्हाई.

आजही फळा कोराच आहे. या पडण्याविषयी रामहरीने एक अक्षर लिहिलेले नाही. इतका मोठा अपमान त्याने सातवीतही केला नव्हता, आणि याचा सूड कसा घ्यावा, ते मला सुचत नाही.

पुण्याला कोण कळवते, हेही काल रात्री उघड झाले. मुक्ताबाई. त्या म्हणाल्या, तुमी पडल्यावर मला झोप लागत न्हाई, मग कुनाला सांगू?

या वेळी त्यांनीही कळवले नाही. रामहरीने नाही, फळ्याने नाही. परंतु घटना घडली आहे, आणि तिची नोंद कुठेतरी बरोबर व्हायला हवी होती. आज सकाळी बद्रीनाथला फोन मी केला.

या रोजनिशीतील ९ ते २४ मेच्या सर्व तारखा एक दिवसाने मागे आहेत. मुख्य दुरुस्त्या:

मुक्ताबाईंचा उपवास: १२ मे, गुरुवार. वार त्यांचाच.
बद्रीनाथचा फोन: १५ मे, रविवार.
बीडची खरेदी: १७ मे. हेल्मेट लार्ज हवे होते.
विशेष सभा: २४ मे. मी गैरहजर.
दुरुस्तीपत्राचे वाचन: २५ मे. श्रोते: रामहरी, सटवा, एक वासरू.
बद्रीनाथ गाडी न्यायला येणार: २९ मे, रविवार.
माझे पहिले पडणे: ९ मे. फळ्यावर होते तेच. मी छावणीच्या फलकावरची एक वेलांटी दुरुस्त करायला वाकलो होतो. गाडी उभी होती. इंजिनही बंद होते.