शांतम्माचं शून्य

उदगीर, एप्रिल २०१६

आदरणीय डॉक्टरसाहेब,

आपल्या दवाखान्याविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. संस्कृत शिकवताना शून्य मिळवणाऱ्यांना मी जन्मभर बाकावर उभं केलं. तुमच्याकडे दुखणं मोजताना मात्र शून्य सर्वोत्तम! ही कुठली शास्त्रपरंपरा?

परवा नांदेडहून तुमच्या सिस्टरबाईंचा फोन आला. मणक्याच्या ऑपरेशननंतर किती दुखतं, शून्य ते दहात सांगा.

आमची सौ. शांतम्मा म्हणाली, "शून्य. लई बरं हाय, माय."

"वजन उचलता येतं?"

"हाव! टँकरची घागर उचलून राहिले की."

साहेब, घागर मी उचलतो. मांडी घालून, तळहातावर इष्टलिंग घेऊन तासभर पूजा करणारी ही बाई आता भिंतीला टेकून पूजा उरकते.

"खोटं का सांगितलंस?" मी विचारलं.

"एवढ्या मायेनं इचारणाऱ्याला रडगाणं सांगावं का? डॉक्टरनं किती मेहनत केली."

झालं, तुमचं ऑपरेशन यशस्वी! हे पत्र पाठवलं तर ती तुमच्यापुढे खोटी ठरेल, म्हणून पाठवत नाही.

पण काळजी वेगळीच आहे. विचारलं की ती मलाही शून्यच सांगते. तिला खरंच किती दुखतं, हे मला कळत नाही.

आपला,
महादेवप्पा
(मुक्काम उदगीर, स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत जिल्हा लातूरच)