न टोचताच उगवलेली शिंगं

शारजा, मार्च २००२

प्रिय शार्दूल,

पत्र बघून दचकू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. हे पत्र तू फाडशील, पण आधी वाचशील. लहानपणापासून तुझा राग असाच आहे.

आज शुक्रवार. आजूबाजूची गॅरेजं बंद, आमचा छापखाना बंद, नमाजानंतर गल्लीत चिटपाखरू नाही. मी वरणभाताचा कुकर लावतो आणि फोनजवळ बसतो. तुझी आई गेल्यापासून तुझा शुक्रवारचा फोन हाच माझा सण होता. शनिवारी मशीनवरचा यूनुस विचारतो, 'शार्दूल साब का फोन आया?' मी 'आया ना' म्हणतो आणि तुझ्या घरच्या बातम्या रचून सांगतो. तनिषला चार दात आले, असं गेल्या शनिवारी ठोकून दिलं. खरे किती आले असतील रे?

तुला राग आला तो माझ्या चित्राचा, ठाऊक आहे मला. पण ते कॅलेंडर लंडनहून तूच पाठवलंस ना? दोनशे वर्षांपूर्वीची व्यंगचित्रं, बाबांना आवडतील म्हणून. मार्चच्या पानावर देवीच्या लशीची थट्टा आहे. गायीपासून काढलेली लस टोचली की अंगातून गायी उगवतील, अशी तेव्हा लोकांना धास्ती होती म्हणे. कुणाच्या दंडातून वासरू निघालंय, कुणाच्या नाकातून शेपूट. मी पोट धरून हसलो. त्याच आठवड्यात तू फोनवर म्हणालास, लशीने मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो असं तिकडच्या पेपरांत काहीबाही येतंय, म्हणून हेमाने आणि तू ठरवलंय, तनिषला गोवराची लस द्यायची नाही. मग माझा हात कसला गप्प बसतोय! सुटाबुटातला तू तनिषला कोटाआड लपवतोयस, शेजारी हेमा, दोघांच्या डोक्यावर ही एवढाली शिंगं, खाली ओळ: 'न टोचताच उगवली!' आणि अतिशहाण्यासारखं तुझ्या ऑफिसच्या फॅक्सवर पाठवलं. तिथलं कुणीतरी ते बोर्डावर लावेल, हे या म्हाताऱ्याच्या डोक्यातच आलं नाही. संध्याकाळी तुझा फोन आला, 'बाबा, धिस इज नॉट फनी. ही इज माय सन.' तेवढंच. मग खलास.

तू म्हणालास ते बरोबर होतं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. पण सरळ बोलायची वेळ आली की मी थट्टाच करतो. आई म्हणायची, तुम्हाला रडता येत नाही म्हणून तुम्ही पेन्सिल उचलता. तुझ्या-हेमाच्या भीतीला मी हसलो, कारण माझी भीती मला सांगता येत नव्हती. ती सांगायला आईनेच बंदी केली होती, आणि ती असेपर्यंत मी ती पाळली.

शार्दूल, तू आमचं पहिलं मूल नाहीस. तुझ्याआधी आम्हाला शुभ्रा झाली होती. देवी टोचल्या होत्या तिला, टोचताना रडलीसुद्धा नाही. पण गोवराची लस तेव्हा आमच्या गावापर्यंत पोचलीच नव्हती. गोवर निघाला, घरात फोडणी बंद झाली, उशाशी कडुलिंब ठेवला. पुरळ मावळलं तसं वाटलं, सुटलो. मग छाती भरली, आणि आईच्या मांडीवर ती गेली. पुढल्या वर्षी तू झालास. आई म्हणाली, याला कधी सांगायचं नाही, हा मोकळा वाढू दे. तुला साधी सर्दी झाली तरी ती आधी तुझ्या कानामागे बघायची. गोवर तिथूनच उमटतो. तू वैतागायचास आणि ती 'काही नाही रे' म्हणून आत निघून जायची. आता विचारायला ती नाही, म्हणून तिची शपथ मी एकट्यानेच मोडतोय. मला फोन करू नकोस, चालेल. यूनुसला मी सांगत राहीन काहीतरी. पण तनिषला टोचून आण, बाळा.

तुझाच,
बाबा