मदतनीस उशिरा येते

नेकनूर,
१२ डिसेंबर

प्रिय सुभद्रामावशी,

मी सुपरवायझर झाले त्याला परवा वर्ष झालं. पेढे घेऊन आले तेव्हा तू म्हणालीस, "आता आमाला इसरू नको." उलटंच झालंय बघ. सव्वीस अंगणवाड्या माझ्याकडे आहेत. कुठंही गेले की आतून हसण्याबोलण्याचा आवाज येत असतो, आणि मी चप्पल काढेपर्यंत तो थांबतो. सेविका उठून उभी राहते, खुर्ची पुसली जाते, चहा येतो आणि तो मी एकटीच पिते. मी सेविका आणि तू मदतनीस, आपण दोघी चौदा वर्षं एका ताटलीत खिचडी खायचो, करपलेली बाजू तू गुपचूप स्वतःकडे ओढायचीस. आता माझा डबा मी स्टँडच्या बाकावर बसून खाते. कुणाच्या अंगणवाडीत उघडला तर ती बिचारी अवघडून बसते.

तुझे गुडघे कसे आहेत? मनिषाचा फोन आला होता, म्हणाली सासूबाई आता वसरीतच बसून असतात. सून तुला जपते, हे ऐकून बरं वाटलं.

इथं एका गावात राजनंदिनी नावाची नवी सेविका आहे. पंचवीसची असेल, हुशार पोरगी. तिनं भिंतीवर काढलेल्या शेळीला लेकरं पाला खाऊ घालतात. पण तिचं आणि तिच्या मदतनिशीचं, तुळजाबाईचं, पटत नाही. दोघी दिवसभर एका खोलीत असतात आणि कामापुरतंही नीट बोलत नाहीत. गेल्या महिन्यात राजनंदिनीनं माझ्या हातात अर्ज ठेवला. मदतनीस रोज उशिरा येते, आहाराला उशीर होतो, तरी कारवाई व्हावी. नियमानं तो मी त्याच दिवशी ऑफिसला पाठवायचा. मी तो पर्समध्ये घातला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तुळजाबाईचं घर गाठलं. ती घरी नव्हती. विचारत विचारत गेले तर चौथ्या घरी सापडली, एका पोरीची वेणी घालत होती. दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, लेकरं म्हाताऱ्यांपाशी. त्या पोरीच्या आजीला डोळ्यांनी दिसत नाही. मला बघून तुळजाबाई चाचरली. "मॅडम, उशीर व्हतो, मला ठावं हाय. पन म्या उठवून न्हाई आनलं तर ही लेकरं येतच न्हाईत." मी म्हटलं, मग हे ताईंना का नाही सांगितलं? तर म्हणाली, "त्यांनी कधी इचारलंच न्हाई."

पुढच्या दिवशी मी राजनंदिनीला सोबत घेतलं. काही समजावलं नाही, नुसती तिच्याबरोबर घरोघरी फिरले. तिसऱ्या घरी तिनं तुळजाबाईच्या हातातून कंगवा घेतला. अंगणवाडीत पोचायला त्या दिवशी आम्हा तिघींना उशीर झाला. मला गाडीत बसवायला राजनंदिनी फाट्यापर्यंत आली आणि म्हणाली, "मॅडम, दुसरं कुणी असतं तर अर्ज वर पाठवला असता. तुम्हाला आधी तिच्या घरी जायचं कसं सुचलं?" मी म्हटलं, अनुभव. तिनं मान हलवली. एवढ्या आदरानं हलवली की मला तिच्याकडे बघवेना.

मावशी, मी सेविका झाले त्या पहिल्याच वर्षी तुला नोटीस आली होती. ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवली. कामचुकार हा शब्द होता त्यात. तू मारुतीच्या पाराशी पदर तोंडाला लावून उभी होतीस. दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना तू रडलीस, आणि मी तुला पाणी देऊन म्हटलं, कुणी केलं असेल गं असं? तुला वाटलं, तुझ्या जावेनं, कौशल्याबाईनं. तिच्या भाचीला मदतनीस व्हायचं होतं म्हणून. तेव्हापासून तू तिच्याशी बोलली नाहीस. तिच्या लेकीच्या लग्नाला गेली नाहीस. तुमच्या दोघींच्या घरांत एक भिंत आहे फक्त.

तो अर्ज मी केला होता. तू सकाळी कुठं असतेस, हे मी कधी विचारलं नव्हतं. दोन महिन्यांनी एका सकाळी तुला दोन लेकरं कडेवर घेऊन येताना बघितलं आणि सगळं कळलं. पुढं जे काम शिकले ते तुझ्याकडूनच, पण हे सांगायचं धाडस झालं नाही. या महिन्यात दोनदा तुला भेटायला म्हणून पालीला, तुमच्या गावच्या फाट्यावर उतरले आणि परत फिरले. तुला वाचता येत नाही, हे पत्र मनिषाच वाचेल, हे ठाऊक असूनच लिहितेय. तुझी नोटीस चारचौघांत वाचली गेली, मग माझं हे तुझ्या एकटीच्या कानात का सांगू? मनिषाला म्हणावं, कौशल्याबाईंना बोलावून बसव आणि एवढा भाग त्यांच्यासमोर पुन्हा वाच. त्यांचा काही दोष नव्हता. पुढच्या मासिक बैठकीत राजनंदिनीसकट सगळ्या सेविकांना मी हे सांगणार आहे. तुझं नाव घेऊ की नको, तेवढं कळव. काहीच कळवलं नाहीस तर नाव घेणार नाही, आणि उत्तर का आलं नाही हे मला कुणाला विचारावं लागणार नाही.

तुझीच,
वनमाला