मान खाली घालून बघायचा डबा

तीर्थरूप नाना,

साष्टांग नमस्कार. तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली आणि मी आज पत्र लिहायला बसलोय, म्हणजे काम अडलंय हे तुम्ही ओळखलंच असेल! गरजेशिवाय हा पोरगा तोंड उघडत नाही, असं आईला तुम्हीच म्हणायचात ना?

तर काम असं. मुंबईहून कॅमेऱ्याच्या कंपनीचा एजंट परवा आपल्या दुकानात येऊन गेला. नवा माल दाखवून झाला, चहा झाला आणि उठता उठता म्हणाला, "आमच्या साहेबांनी विचारलंय, बंद पडलेल्या कॅमेऱ्यांपैकी एखादा पुन्हा काढायचा झाला तर कुठला काढावा? प्रत्येक दुकानदारानं एकच सांगायचा. सोमवारी परत येतो."

एकच! नाना, तुमच्याकडे तर तीन होते, आणि तिन्ही आता कुठे मिळत नाहीत. त्यातला तुमचा लाडका कुठला, हे तुम्ही कधी सांगितलंतच नाही. गिऱ्हाइकाशी तासभर गप्पा मारायचात, पण घरच्याला कधी काही सांगाल तर शपथ!

पहिल्यांदा मनात आला तो तिपाईवरचा लाकडी कॅमेरा. तुम्ही काळ्या फडक्यात शिरलात की पोरं भोकाड पसरायची. पण फोटो काय यायचे! पागोट्याचा पीळ न् पीळ दिसायचा. निजामाचं राज्य गेलं त्या साली जो तो फोटो काढून घ्यायला आला, ते सगळे त्याच कॅमेऱ्यातले. मात्र मंठ्याच्या बाजाराला जाताना तो मोटारीच्या टपावर चढवला, की उतरेपर्यंत तुमचा जीव टांगणीला. आता ते ओझं कोण वागवणार?

मग आठवला भात्याचा, घडी घालून कोटाच्या खिशात मावणारा. त्याच्या भात्याला भोक पडलं आणि तुम्ही सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलंत. तरी उजेड शिरलाच. मंठ्याच्या पाटलांच्या कपाळावर पांढरा डाग आला, तेव्हा तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "पाटील, हे तेज आहे. सगळ्यांच्या फोटोत येत न्हाई." पाटलांनी वर आणखी दोन प्रती मागितल्या!

राहिला डबा. खरं सांगू? त्याला मी हिशेबात धरलंच नव्हतं. पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून काचेत बघत बसायचं. आतल्या आरशामुळे उजवं डावीकडे आणि डावं उजवीकडे. माणसाला सरकवताना तुमचीच तारांबळ उडायची. आणि त्यातून निघालेल्या बायकांच्या फोटोंत एक खोड ठरलेली. एकीचीही नजर भिंगात नाही! सगळ्या जरा वरच बघतायत. मला ती तुमची चूक वाटायची.

आईचा फोटोही तसलाच. पांढऱ्या जाईच्या वेलाशेजारी उभी आहे, ओठांवर हसू आहे आणि डोळे भलतीकडेच. त्या फोटोचं आणखी एक कोडं मला आहे. प्रत्येक सणाला तुम्ही अंगणात आईचा फोटो काढायचात. ओसरीवरून आजोबा करवादायचे, "एका फोटूला एवढा वेळ? आरं, पंचमी सरून पोळा येईल!" तुमचं आपलं "थांब, हलू नको, अजून थांब" चालूच. मग घरात आईचा एवढा एकच फोटो कसा? बाकीचे गेले कुठे? मी सगळ्या पेट्या उपसल्या, नाना.

आणि तुमच्यामागे तर ती फोटो काढूच देत नाही. मी कॅमेरा उचलला की पदर तोंडावर. "आता कशाला?" एवढंच बोलते. केस पांढरे झालेत तिचे, चालताना भिंतीला हात लावते. तिचा एक धड फोटो मला हवाय, ती आहे तोवर. मी फोटोग्राफर असून आईचा मी काढलेला एकही फोटो नसावा, हे फार लागतं मला.

तर गुरुवारी तीर्थपुरीला गेलो होतो. तुमच्या जुन्या गिऱ्हाईक सरूबाई, त्यांच्या नातीचं लग्न. नव्या पद्धतीचा, डोळ्याला लावायचा कॅमेरा ऐटीत गळ्यात अडकवला होता. घरातल्या सगळ्या बायका ओळीनं बसल्या. मी कॅमेरा उजव्या डोळ्याला लावला आणि नेम धरायला डावा मिटला. झालं! पदर भराभर खाली आले, एक सून उठून आत पळाली आणि नवरीचे चुलते काठी घेऊन उभे राहिले. मला कळेना काय झालं ते.

सरूबाईच पुढे आल्या. "अरे बाबा, भरल्या घरात बायांला डोळा मारून राह्यला का तू?"

"मावशी, हा कॅमेरा असाच धरायचा असतो!"

"असू दे. तुजा बाप आल्ता माझ्या तिन्ही लेकींच्या लग्नाला. तो असा रोखून बिलकुल बघत नव्हता. मान खाली घालून डब्यात बघायचा, देवाम्होरं उभं राहावं तसा. मंग आम्हाला लाज वाटत नव्हती. बायामाणसाम्होरं कसं उभं राहावं, त्याला बराबर ठावं होतं."

फोटो काही निघाला नाही. जेवून मात्र आलो, त्यांनी सोडलंच नाही.

घरी येऊन माळ्यावरून डबा काढला. भिंगं ठणठणीत, पण आतल्या आरशाचा पारा पार उडालेला. नवा कुठून आणू? आईच्या फणेरपेटीतला आरसा एका कोपऱ्याला तडकलेलाच होता. मागायला गेलो, तर म्हणाली, "त्या सवतीसाठी माझा आरसा मागतो का रे?" आणि पेटीच पुढे सरकवली. तसबिरीवाल्याकडून तेवढा तुकडा कापून आणला, बसवला आणि काचेत बघतो तो सगळं अंगण लख्ख!

आई तिथेच तुरी निवडत बसली होती. मी गुपचूप डबा तिच्याकडे वळवला. नाना, तिनं पदर ओढला नाही! सूप बाजूला ठेवलं आणि नीट बसली. काचेत तिचा चेहरा आला, पण नजर पुन्हा वरच.

"आई, भिंगाकडं बघ ना."

"भिंगात काय ठेवलंय? तुज्याबी डोक्यात दोन भोवरे हायत, त्यांच्यासारखे. दोन भोवरेवाल्याची दोन लग्नं, म्हणायचे लोक. त्यांनी एक माझ्याशी केलं आन् दुसरं ह्या डब्याशी."

मी मान वर केली तशी ती म्हणाली, "खालीच बघ. सासू-सासऱ्यांच्या देखत नवऱ्याकडं मान वर करून बघायची सोय होती का आम्हाला? ते डब्यात बघायले की मंग मी त्यांच्याकडं बघून घ्यायची. कोणी काय म्हणणार? फोटू काढून राह्यलेत, म्हणायचं."

"मग एवढे सगळे फोटो गेले कुठे?"

आई हसली. तुम्ही काढलेल्या त्या फोटोत आहे ना, अगदी तशीच. "माझ्या फोटूला रोल एकदाच घातला होता रे. बाकीच्या टायमाला डबा रिकामाच."

नाना! म्हणजे आजोबा ओसरीवर चडफडत होते आणि तुम्ही दोघं भर दुपारी, सगळ्यांच्या देखत एकमेकांकडे बघत उभे होता? ती तुमच्या डोक्याकडे बघायची, आणि तुम्हाला ती काचेत दिसायची, तुमच्याकडे बघताना. "अजून थांब" ते यासाठी होय! ती बघतेय ते तुम्हाला दिसतंय, हे तिला कधी कळू दिलंत का, की तेवढंही मनातच ठेवलंत? आणि मी मेला एवढी वर्षं त्याला फोटोतली खोड म्हणत आलो!

सोमवारी एजंटला डब्याचंच नाव सांगणार. का, ते त्याला सांगणार नाही. कंपनी काढो न काढो, भिंगं शाबूत आहेत तोवर आरसे मी बदलत राहीन. सरूबाईंना निरोप धाडलाय, पुढच्या आठवड्यात डबा घेऊन तीर्थपुरीला जातोय.

आईच्या फोटोसाठी मात्र आज रोल भरला. पण खटका दाबायची घाई करणार नाही, हा शब्द देतो. तिला तुमचे भोवरे पोटभर बघून होईपर्यंत मी मान वर करणार नाही.

तुमचा,
दोन भोवऱ्यांचा दिगंबर